गाडीचं इंजिन तापतंय? घरी काय तपासायचं, काय बदलायचं आणि कुठे हात लावायचा नाही

मे महिन्यातली दुपार. पी. डि'मेलो रोडवर ट्रक, टॅक्सी आणि कंटेनरची रांग लागलेली. एसी सुरू आहे, पण अचानक त्याची हवा गार लागेनाशी होते. डॅशबोर्डवर थर्मामीटरच्या चित्राचा लाल दिवा पेटतो. मिनिटभरात बॉनेटच्या कडेने वाफ यायला लागते.

अशा वेळी गाडी चालवणारे दोन चुका सर्रास करतात. पहिली, 'आता एवढंच तर जायचंय' म्हणत गाडी तशीच रेटायची. दुसरी, थांबल्या थांबल्या बॉनेट उघडून रेडिएटरचं झाकण फिरवायचं. पहिल्या चुकीत इंजिन जातं, दुसरीत हात आणि चेहरा भाजतो.

खरं तर इंजिन तापण्याची बरीच कारणं काहीशे रुपयांत आणि घराखालच्या पार्किंगमध्येच सापडतात. ती कशी शोधायची, कोणती दुरुस्ती स्वतः करता येते आणि कोणत्या क्षणी मेकॅनिकला फोन करायचा, ते समजून घेऊ.

इंजिन तापतं म्हणजे नेमकं काय होतं?

पेट्रोल जळतं तेव्हा सिलिंडरच्या आत क्षणभरासाठी तापमान २००० अंश सेल्सियसच्याही वर जातं. आजच्या बहुतेक गाड्यांचं सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि ॲल्युमिनियम साधारण ६६० अंशांना वितळतं. तरीही इंजिन वितळत नाही, कारण त्याच्या आतल्या पोकळ्यांमधून सतत कूलंट फिरत असतं.

इंधनातल्या उर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांपर्यंत पोहोचते, एक तृतीयांश सायलेन्सरवाटे बाहेर जाते आणि उरलेली एक तृतीयांश कूलंटला वाहून न्यावी लागते. हे काम पाच भाग मिळून करतात.

- वॉटर पंप कूलंट फिरवतो.
- थर्मोस्टॅट म्हणजे मेण भरलेला छोटा व्हॉल्व्ह. इंजिन थंड असताना तो बंद असतो. साधारण ८२ ते ९० अंशांना मेण फुगतं, व्हॉल्व्ह उघडतो आणि कूलंट रेडिएटरकडे जातं.
- रेडिएटर म्हणजे पुढच्या जाळीमागची बारीक पत्र्यांची चौकट. इथे कूलंटची उष्णता हवेत जाते.
- पंखा गाडी उभी असताना रेडिएटरमधून हवा खेचतो.
- झाकण यंत्रणेत दाब टिकवून ठेवतं.

माझगाव डॉकमध्ये बांधल्या जाणाऱ्या जहाजांच्या डिझेल इंजिनांमागचं तत्त्वही फार वेगळं नाही. तिथे इंजिनात गोडं पाणी बंद नळ्यांमधून फिरतं आणि त्या पाण्याची उष्णता समुद्राचं पाणी घेऊन जातं. जहाजाखाली अख्खा समुद्र असतो. गाडीला मात्र समोरून येणाऱ्या हवेवरच भागवावं लागतं. म्हणून हवा अडली किंवा कूलंट कमी झालं की काट्याला चढायला वेळ लागत नाही.

गरम असताना झाकण उघडलं तर काय होतं?

साधं पाणी १०० अंशांना उकळतं. पण रेडिएटरचं झाकण आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बारने जास्त ठेवतं. त्यामुळे तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ही मर्यादा आणखी वर, १३० अंशांच्या आसपास जाते. प्रेशर कुकरमागचं तत्त्वही हेच आहे.

आता आत ११५ अंशांचं पाणी आहे आणि कुणीतरी झाकण फिरवलं. दाब एका क्षणात गेला. ११५ अंशांचं पाणी उघड्या हवेत पाणी म्हणून राहूच शकत नाही. त्यातलं काही पाणी तत्क्षणी वाफ होतं, आणि वाफेला पाण्यापेक्षा सुमारे १६०० पट जागा लागते. उरलेलं उकळतं पाणी ती वाफ वर फेकते, थेट वाकून बघणाऱ्याच्या तोंडावर.

म्हणून नियम एकच आहे. इंजिन बंद करून किमान ४५ मिनिटं झाल्याशिवाय आणि रेडिएटरच्या वरच्या होज पाइपला हात सहज लावता येईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. 'जाड फडकं घेऊन हळूच उघडतो' हा उपाय सुरक्षित नाही.

कुणी भाजलंच, तर भाजलेल्या भागावर नळाचं साधं गार पाणी २० मिनिटं सोडत राहावं. बर्फ, टूथपेस्ट, हळद किंवा शाई लावू नये. अंगठी, घड्याळ, बांगड्या सूज यायच्या आत काढाव्यात. चेहरा किंवा डोळे भाजले असतील तर थेट रुग्णालय गाठावं. माझगावहून जवळ भायखळ्याच्या मसिना रुग्णालयात भाजलेल्या रुग्णांसाठी वेगळा विभाग आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८.

लाल दिवा लागला. पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं?

१. एसी बंद करा.

२. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवा. मुंबईच्या उन्हाळ्यात हे ऐकायलाही नको वाटतं, पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच असतो. तो इंजिनातली थोडी उष्णता केबिनमध्ये ओढून घेतो. काचा उघडा.

३. सुरक्षित जागा दिसताच गाडी बाजूला घ्या, हॅझर्ड लाइट लावा आणि इंजिन बंद करा. ईस्टर्न फ्रीवेवर असाल तर चालत्या लेनमध्ये थांबू नका. शक्य तितकं डाव्या कडेला घ्या, आणि उतरल्यावर गाडीजवळ न थांबता कठड्याच्या आतल्या बाजूला, सुरक्षित अंतरावर उभे राहा.

४. वाफ येत असेल तर ती थांबेपर्यंत बॉनेट उघडू नका.

५. गरम इंजिनावर किंवा रेडिएटरवर गार पाणी ओतू नका. तापलेला धातू एकदम आकसला तर हेडला किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

६. पंख्यापासून हात, ओढणी, गळ्यातला दोरा लांब ठेवा. अनेक गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा आपोआप सुरू होतो.

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. अनेक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो. सकाळी इंजिन थंड असताना निळा दिवा आणि अति गरम झाल्यावर लाल दिवा, एवढंच दिसतं. म्हणजे लाल दिवा पेटतो तेव्हा 'अजून थोडा वेळ आहे' असं समजायला जागा उरलेली नसते. अशा गाड्यांसाठी ओबीडी स्कॅनर उपयोगी पडतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसणारं हे छोटं यंत्र लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किंवा ऑनलाइन मिळतं आणि मोबाइलवर कूलंटचं प्रत्यक्ष तापमान दाखवतं. साधारण ८५ ते १०५ अंश हे बहुतेक गाड्यांसाठी नेहमीचं. ११५ च्या पुढे आकडा सरकत असेल तर थांबायची वेळ झाली.

गाडी कुठे तापते, यावरून कारण कसं ओळखायचं?

बॉनेट उघडण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर शोधा: गाडी ट्रॅफिकमध्ये तापते, की वेगात असताना? माझगाव परिसरात राहणाऱ्यांना हा फरक तपासणं सोपं आहे. बॅरिस्टर नाथ पै मार्ग किंवा पी. डि'मेलो रोडवर गाडी रांगत असते, आणि ऑरेंज गेटला चढलं की १६.८ किलोमीटरचा, सिग्नल नसलेला ईस्टर्न फ्रीवे मिळतो. गाडी याआधी लाल दिव्यापर्यंत गेली असेल तर मुद्दाम चाचणीसाठी बाहेर काढू नका. आधी काय घडलं होतं ते आठवा.

रांगेत तापते, फ्रीवेवर काटा खाली येतो: संशय पंख्यावर. वेगात असताना समोरची हवा आपोआप रेडिएटरमधून जाते, पंख्याची गरज नसते. उभ्या गाडीत सगळी भिस्त पंख्यावर असते.

रांगेत ठीक, फ्रीवेवर किंवा घाटात तापते: पंखा बहुधा ठीक आहे, पण उष्णता वाहून नेण्याची क्षमता कमी पडते. रेडिएटर आतून किंवा बाहेरून तुंबला असेल, वॉटर पंप झिजला असेल किंवा कूलंट कमी असेल.

गाडी काढल्यावर काही मिनिटांतच तापते: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल किंवा कूलंट फारच कमी असेल.

काटा अचानक वर जातो, अचानक खाली येतो: कूलंट कमी होऊन आत हवा अडकल्याची शक्यता. अशा वेळी हीटर गरमवर ठेवूनही गार हवा येते.

लाँग वीकेंडला मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर बोरघाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग दिसते, त्याचं कारणही यात आहे. खोपोलीहून सुमारे ६२० मीटर उंचीवरच्या लोणावळ्यापर्यंत चढताना इंजिन पूर्ण ताकद लावतं, गाडीत पाच माणसं आणि डिक्की भरलेली असते, एसी सुरू असतो आणि कोंडीमुळे समोरून हवा मिळत नाही. शहरात वर्षभर झाकून राहिलेला दोष घाटात तासाभरात बाहेर येतो.

घराखाली उभ्या गाडीत काय काय तपासता येतं?

खालच्या सगळ्या तपासण्या गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करा. टॉर्च, हातमोजे, जुनं फडकं आणि मोठा पुठ्ठा एवढं सामान पुरतं.

१. कूलंटची पातळी. अर्धपारदर्शक रिझर्व्ह टाकीवर 'मिन' आणि 'मॅक्स' अशा दोन खुणा असतात. पातळी त्यांच्या मध्ये हवी. रेडिएटरला वेगळं झाकण असेल तर तेही उघडून बघा. टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असंही होतं. झाकण खराब झालं की टाकीतलं कूलंट परत आत ओढलं जात नाही. कूलंटचा रंग गंजासारखा तपकिरी असेल तर आत गंज धरला आहे.

२. गळती. रात्री इंजिनाखाली पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी हिरवे, गुलाबी किंवा निळे, थोडे चिकट डाग दिसले तर कूलंट गळतंय. स्वच्छ, वास नसलेलं पाणी असेल तर ते एसीचं. मुंबईच्या दमट हवेत ते भरपूर पडतं, त्याने घाबरू नका. पाइपच्या जोडांवर पांढरी किंवा हिरवट खपली दिसते का, पाइप दाबल्यावर भेगा दिसतात का किंवा तो फार मऊ लागतो का, ते पाहा. पुढच्या सीटखालचा गालिचा ओला आणि गोडसर वास येत असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर फुटला असण्याची शक्यता आहे.

सीएनजी गाडी असेल तर एक जागा जास्तीची बघा. सीएनजी किटमधल्या रिड्यूसरला गरम ठेवण्यासाठी कूलंटच्या लाइनमधून छोटे पाइप काढलेले असतात. म्हणजे गळतीच्या जागा वाढल्या. रिड्यूसरवर बर्फासारखं दव धरत असेल, तर त्याच्यापर्यंत गरम कूलंट पोहोचत नाही.

३. पंखा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून सुरू करा आणि एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी लावला की थोड्या वेळात पंखा फिरायला लागतो. फिरला नाही तर फ्यूज बॉक्स उघडा. कोणता फ्यूज आणि कोणता रिले पंख्याचा, ते झाकणाच्या आतल्या चित्रात असतं. फ्यूजची तार तुटलेली असेल तर तेवढ्याच ॲम्पिअरचा नवा लावा, जास्तीचा कधीही नाही. रिले तपासायचा सोपा मार्ग म्हणजे त्याच बॉक्समधला, त्याच क्रमांकाचा दुसरा रिले तात्पुरता तिथे लावून बघणं. एसीबरोबर पंखा फिरतो पण एसी बंद असताना इंजिन तापलं तरी फिरत नाही, तर तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायर संशयित.

रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांनी वायरी नीट बघाव्यात. म्हातारपाखाडीसारख्या जुन्या गल्ल्या असोत वा चाळीसमोरचा रस्ता, उभ्या गाडीचं उबदार बॉनेट उंदीर-घुशींना आवडतं. कुरतडलेली एक वायर पंखा बंद पाडायला पुरते.

४. रेडिएटर बाहेरून. बंदराजवळची खारी हवा, बांधकामांची धूळ, पावसाळ्यात उडणारा चिखल आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या हे सगळं पुढच्या जाळीत अडकतं. टॉर्च मारून बघा. नळाला लावलेल्या पाइपच्या हलक्या धारेने, शक्यतो इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, पाणी सोडून धुवा. सर्व्हिस सेंटरमधल्या प्रेशर वॉशरने बारीक पत्रे वाकतात आणि हवेची वाट कायमची अडते. पत्रे हात लावताच भुसभुशीत होऊन पडत असतील तर रेडिएटर बदलायला झाला आहे.

५. थर्मोस्टॅट. थंड इंजिन सुरू करा आणि रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या पाइपला अधूनमधून, पंखा आणि बेल्टपासून हात लांब ठेवून, बोट लावा. सुरुवातीची काही मिनिटं पाइप गार असतो आणि मग थोड्याच वेळात चांगलाच तापतो. तो क्षण म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. काटा वर चढत चालला आहे आणि पाइप अजून गार आहे, तर थर्मोस्टॅट अडकला. लगेच इंजिन बंद करा. काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपच्या बाजूला असतो, त्यामुळे आधी मॅन्युअलमध्ये जागा बघा.

६. झाकण. आतलं रबर कडक झालं किंवा त्याला चिरा पडल्या तर दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळतं. हा अख्ख्या यंत्रणेतला सगळ्यात स्वस्त भाग आहे. बदलताना झाकणावर छापलेला दाबाचा आकडा तोच आहे ना, ते पाहा.

हेड गॅस्केट गेल्याची लक्षणं कोणती?

इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मध्ये हेड गॅस्केट बसवलेलं असतं. इंजिन खूप तापलं की ॲल्युमिनियमचं हेड किंचित वाकतं आणि गॅस्केट जागा सोडतं. मग सिलिंडरमधला वायू, कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळायला लागतात.

- डिपस्टिकवर किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ, मेयोनीजसारखा थर
- इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर
- बाहेर कुठेही गळती नसताना कूलंट कमी होत राहणं
- कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येणं

यातलं एकही लक्षण दिसलं तर घरचा प्रयोग तिथेच थांबवा आणि गाडी सुरू न करता टोइंगने गॅरेजला न्या. हेड उतरवणं, त्याचं फेसिंग करून घेणं आणि ठरलेल्या क्रमाने बोल्ट आवळणं हे पार्किंगमध्ये करायचं काम नाही. हा खर्च हजारांत जातो आणि तशीच गाडी चालवत राहिलं तर इंजिन सीझ होऊन लाखापर्यंतही पोहोचू शकतो.

घरी कोणत्या दुरुस्त्या करता येतात?

झाकण, फ्यूज, रिले, सैल झालेली पाइपची क्लिप आणि बाहेरून रेडिएटर धुणं, ही कामं कुणालाही जमतात. थोडा हात बसलेल्यांना होज पाइप आणि थर्मोस्टॅट बदलता येतो. पंख्याची मोटर, वॉटर पंप आणि रेडिएटर मात्र मेकॅनिककडे द्यावेत. अनेक इंजिनांत वॉटर पंप टायमिंग बेल्टच्या मागे असतो आणि तिथे एक दात चुकला तरी व्हॉल्व्ह वाकू शकतात.

कूलंट स्वतः बदलायचं असेल तर क्रम असा.

१. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडा आणि रेडिएटरच्या तळाचा बोल्ट सैल करून जुनं कूलंट पसरट भांड्यात काढा.

२. डिस्टिल्ड वॉटर भरून इंजिन थोडा वेळ चालवा, थंड होऊ द्या आणि तेही काढून टाका. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करा.

३. मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच कूलंट घ्या. 'रेडी टू यूज' असेल तर तसंच भरायचं, त्यात पाणी घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये सांगितलेल्या प्रमाणात, बहुधा निम्मं-निम्मं, मिसळा. केवळ रंग सारखा आहे म्हणून दोन प्रकार एकत्र करू नका. रंग कंपनीगणिक बदलतो.

४. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करा. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत हवेचे बुडबुडे बाहेर येतील आणि पातळी खाली जाईल. सावकाश भरत राहा. बुडबुडे थांबले की झाकण बसवा. काही गाड्यांत हवा काढायला वेगळा स्क्रू असतो.

५. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा बघा.

जुनं कूलंट गटारात ओतू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असतं. रस्त्यावरची मांजरं आणि कुत्री ते चाटतात आणि थोडंसं कूलंटही त्यांच्या जिवावर बेततं. ते बंद कॅनमध्ये भरून, लेबल लावून, मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला द्या.

नळाचं पाणी, हळद आणि 'डायरेक्ट': जुगाड चालतात का?

नळाचं पाणी: रस्त्यात अडकलात आणि इंजिन थंड झालं आहे, तर पिण्याचं पाणी घालून गॅरेज गाठायला हरकत नाही. पण कायमचं नको. त्यातल्या क्षारांचे थर आत बसतात आणि गंज धरतो. बोअरिंगचं खारं पाणी तर अजिबात नको. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर स्वस्त असतं.

हळद किंवा गळती बंद करणारी पावडर: रेडिएटरचं बारीक भोक बुजवायला जुने ड्रायव्हर हळद टाकायचे. भोक तात्पुरतं बुजतंही, पण तोच गाळ रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांमध्येही बसतो.

थर्मोस्टॅट काढून टाकणं: 'आपल्याकडे थंडी कुठे आहे, काढून टाकू' हा सल्ला अनेक गॅरेजांत मिळतो. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन नेमक्या तापमानाला यायला फार वेळ घेतं. संगणक इंजिन अजून थंडच आहे असं समजून जास्त इंधन सोडत राहतो. मायलेज घटतं आणि इंजिन लवकर झिजतं.

पंखा डायरेक्ट करणं: रिले आणि सेन्सर टाळून पंखा थेट जोडला तर तो सतत फिरतो. गॅरेजपर्यंत पोहोचायला ठीक. महिनोन्‌महिने चालवलं तर मोटर लवकर जाते, आणि योग्य फ्यूज नसेल तर वायरिंग जळण्याचा धोका राहतो.

यातल्या बऱ्याच सवयी प्रीमिअर पद्मिनीच्या काळातल्या आहेत. त्या गाडीचा पंखा इंजिनाच्या बेल्टवर फिरायचा. सिग्नलला इंजिन मंद झालं की पंखाही मंद व्हायचा, म्हणून डिक्कीत पाण्याचा कॅन आणि मनात थोडा धीर हे टॅक्सीवाल्यांचं नेहमीचं सामान असे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदवली गेली. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ही टॅक्सी रस्त्यावरून गेली. त्या इंजिनाला पाण्याचा कॅन पुरायचा. आजच्या इंजिनाचा दाब, तापमान आणि सेन्सर यांचं गणित बारीक असतं, आणि 'पाणी टाक आणि चल' हा उपाय तिथे चालत नाही.

कोणत्या गाड्यांना घरी हात लावू नये?

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांत बॅटरी आणि मोटरसाठीही कूलंटची वेगळी लाइन असते. नारिंगी रंगाच्या केबलमध्ये जीवघेणा व्होल्टेज असतो. अशा गाड्यांत टाकीतली पातळी बघण्यापलीकडे काही करू नये. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरलाच कळवा. स्वतः केलेल्या बदलामुळे दावा नाकारला जाऊ शकतो.

तापूच नये म्हणून काय करायचं?

महिन्यातून एकदा, सकाळी गाडी काढण्याआधी पाच मिनिटं द्या. कूलंटची पातळी, ऑइलची पातळी, पुठ्ठ्यावरचे डाग, पुढच्या जाळीतला कचरा आणि एसी लावल्यावर फिरणारा पंखा, एवढ्या पाच गोष्टी बघा. पातळी दर महिन्याला थोडी कमी होत असेल, तर नुसती भरत राहू नका. यंत्रणा बंद आहे, त्यामुळे कूलंट कुठेतरी जातंय हे नक्की.

घाटात निघण्याच्या आदल्या दिवशी हीच तपासणी करा. घाट चढताना काटा सरकायला लागला तर एसी बंद करा, खालचा गिअर घ्या आणि पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा, म्हणजे रेडिएटरला हवा मिळेल. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते, आणीबाणीत ११२ आहेच.

टॅक्सी किंवा टेम्पोवर घर चालतं त्याच्यासाठी गाडी एक दिवस बंद म्हणजे एका दिवसाची कमाई गेली. म्हणूनच लाल दिवा दिसूनही गाडी रेटण्याचा मोह त्यालाच सगळ्यात जास्त होतो. पण थांबलं तर तासभर जातो, रेटलं तर हेड उतरवायला गाडी कित्येक दिवस गॅरेजमध्ये पडून राहते. तो तासभर थांबणं हीच यातली सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आहे.